प्रकाश किती आणि तुकडे किती

(चेन्नईतील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



२ सप्टेंबर २०२३ रोजी इथून उत्तरेला, पुलिकत सरोवरापलीकडच्या श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले. त्यात पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झालेली एक दुर्बीण आहे. तिचे नाव ‘सूट’. सूर्याचे अतिनील प्रकाशातले फोटो काढणे हे तिचे काम. फोटो काढायचा म्हणजे आत सेन्सर आला. या सेन्सरवर आडवे ४०९६ आणि उभे ४०९६ बिंदू आहेत, म्हणजे एकूण सुमारे १ कोटी ६८ लाख. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर पुरते १७ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. आणि इथे माउंट रोडवरच्या मोबाईलच्या कुठल्याही बऱ्या दुकानात गेलात तर २०० मेगापिक्सेलचा फोन काउंटरवर मांडलेला असतो, हप्त्यांवर मिळतो.

मग आयुकाच्या मंडळींना चांगला सेन्सर मिळाला नाही, असे समजायचे का? आज मला एवढ्याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. संयोजकांनी विषय ठरवताना मला बजावले होते, की विज्ञान हवे, पण फळ्यावर सूत्रे नकोत. ती अट मी पाळणार आहे. आकडे मात्र सांगावे लागतील, कारण या विषयात सगळी फसवाफसवी आकड्यांनीच होते.

सूटच्या सेन्सरवरचा एकेक बिंदू १२ मायक्रॉनचा आहे; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे अख्खा सेन्सर एका बाजूने जवळजवळ ४९ मिलिमीटर. २०० मेगापिक्सेलच्या फोनमधला एकेक बिंदू सुमारे ०.६ मायक्रॉनचा, आणि सगळा सेन्सर साधारण १० मिलिमीटर लांब, ८ मिलिमीटर रुंद. दुर्बिणीचा एक बिंदू क्षेत्रफळाने फोनच्या बिंदूच्या साडेतीनशे ते चारशे पट भरतो. शिवाय तो सेन्सर उणे ५५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलेला असतो. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात विद्युतभार साठू लागतो, आणि तापमान सहा-आठ अंशांनी वाढले की हा खोटा भार दुप्पट होतो. चेन्नईच्या मे महिन्यात रात्री गच्चीवर तिपाई लावून ताऱ्यांचे लांबलचक एक्स्पोजर घेणाऱ्यांना हे ठिपके ओळखीचे असतील. ते तारे नसतात.

सूर्याचा आणि मद्रासचा संबंध जुना आहे. नुंगमबाक्कमची वेधशाळा १७९२ची. तिचे काम १८९९मध्ये कोडाईकनालला गेले आणि तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सूर्याचे फोटो काचेच्या प्लेटांवर घेतले गेले. शंभर वर्षांचा हा साठा पुढे संगणकात उतरवला, तेव्हाही ४०९६ × ४०९६ बिंदूंचाच सेन्सर वापरला. ज्यांना चित्रातून मोजमाप काढायचे असते, ते ‘बिंदू किती’ हा प्रश्न शेवटी विचारतात. आधी विचारतात, की प्रकाश किती जमा होणार.

याचे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश नळाच्या धारेसारखा सलग येत नाही, कणाकणाने येतो, आणि हे कण वेळापत्रक पाळत नाहीत. एखाद्या बिंदूवर ठरावीक वेळात सरासरी १०,००० कण पडणार असतील, तर प्रत्यक्षात कधी शंभर जास्त, कधी शंभर कमी पडतात. हा फरक एक टक्क्याचा. डोळ्याला तो कळत नाही. पण सरासरी १०० कणच पडणार असतील तर फरक दहाचा, म्हणजे दहा टक्क्यांचा होतो. शेजारीशेजारी असलेले दोन बिंदू, ज्यांचा रंग एकच असायला हवा, ते वेगवेगळे दिसू लागतात. अंधारात काढलेल्या फोटोत जी खरखर दिसते, तिच्यातली बरीचशी ही असते. ती कॅमेऱ्याची चूक नाही. कंपनी बदलून ती जात नाही, पैसे फेकूनही जात नाही. ती जाते फक्त जास्त प्रकाश गोळा केल्याने.

जास्त प्रकाश गोळा करायचा तर तीनच वाटा. शटर जास्त वेळ उघडे ठेवा, लेन्सचे तोंड मोठे करा, किंवा लेन्सचा एफ-आकडा, म्हणजे फोकल लांबी भागिले तोंडाचा व्यास, तोच ठेवून सेन्सर मोठा घ्या. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. हौशी कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर साधारण ३७० चौरस मिलिमीटरचा. फोर थर्ड्स २२५ चौरस मिलिमीटर. ‘एक इंची’ ११६. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर ७०-८०. खिशात मावणाऱ्या जुन्या स्वस्त कॅमेऱ्याचा २८.

त्या ‘एक इंची’विषयी दोन शब्द सांगतोच, कारण ग्राहक मंचाकडे तक्रार जावी असा तो प्रकार आहे. एक इंची सेन्सरचा कर्ण सुमारे १६ मिलिमीटर असतो. इंच २५.४ मिलिमीटरचा, हे आपण चौथीत शिकलो. झाले असे, की टीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांत व्हिडिकॉन नावाची काचेची नळी असे आणि तिचे माप नळीच्या बाहेरच्या व्यासावरून सांगत. आतला उपयोगी भाग त्याच्या दोन तृतीयांशच असायचा. नळ्या गेल्या, माप राहिले. म्हणून आजही इंच म्हणून ऐकायचे आणि सोळा मिलिमीटर पदरात पाडून घ्यायचे. फोनच्या जाहिरातीत १/१.३ इंच, १/२.३ इंच असे जे अपूर्णांक येतात तेही याच घराण्यातले.

आता बिंदूंकडे येऊ. ३६ × २४ मिलिमीटरचा सेन्सर घेतला आणि त्यावर २४ मेगापिक्सेल, म्हणजे ६००० × ४००० बिंदू बसवले, तर एकेक बिंदू ६ मायक्रॉनचा होतो. त्याच जागेत ६१ मेगापिक्सेल बसवले तर पावणेचार मायक्रॉनचा. लोक म्हणतात, बिंदू लहान झाला, म्हणजे खरखर वाढली. एकेक बिंदू वेगळा काढून पाहिला तर ते खरे आहे. पण फोटो कोणी एकेक बिंदू करून पाहत नाही. कणीक एकदा मळून झाली की तिच्या बारा पोळ्या करा नाहीतर चोवीस फुलके करा, पिठाचे वजन बदलत नाही. सेन्सरवर पडलेला प्रकाश तेवढाच आहे. ६१ मेगापिक्सेलचा फोटो आणि २४ मेगापिक्सेलचा फोटो एकाच आकारात छापून शेजारी ठेवले, तर खरखर जवळपास सारखीच दिसते. मात्र दरवेळी लाटताना पोळपाटाला थोडे पीठ चिकटतेच. प्रत्येक बिंदूवरचा भार मोजताना इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची एक छोटी चूक मिसळते. भर उजेडात ती नगण्य. अगदी काळोखात, जिथे बिंदूला दहा-वीस कण मिळायची मारामार, तिथे बिंदूंची संख्या जास्त तर चुकाही जास्त.

सोनीने २०१३ आणि २०१४ या लागोपाठच्या दोन वर्षांत हे आपसूक दाखवून दिले. एक कॅमेरा ३६ मेगापिक्सेलचा, दुसरा १२चा, सेन्सरचा आकार दोघांचाही ३६ × २४. लोकांनी १२वाल्याला अंधाराचा राजा ठरवले. पण ३६वाल्याचा फोटो लहान करून १२ मेगापिक्सेलला आणला, की साध्या घरगुती अंधारात दोघे बरोबरीला येत. फार वरच्या आयएसओला, जिथे डोळ्यालाही धड दिसत नाही, तिथे कुठे १२वाला पुढे जाई. म्हणून माझे मत असे, की आकार तोच असताना जास्त मेगापिक्सेल असण्याने नुकसान फारसे नाही, फक्त हार्ड डिस्क भरते. नुकसान होते ते आकार आक्रसून मेगापिक्सेल वाढवल्यावर.

ही गोष्ट फोन बनवणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. म्हणूनच २०० मेगापिक्सेलचा फोन तुम्ही न सांगता बहुतेक वेळा सोळा-सोळा बिंदूंचा एक गट करतो आणि साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. २०० हा आकडा खोक्यावर छापायला, १२ वापरायला. यात फसवणूकच आहे असे नाही. झूम करताना मधले बिंदू सुटे वापरता येतात, तो खरा फायदा आहे. पण तिथे दुसरी भिंत आडवी येते. प्रकाश ही लहर आहे आणि लेन्सच्या तोंडातून जाताना ती थोडी पसरते. कितीही उत्तम लेन्स घ्या, दूरच्या दिव्याचा ठिपका टोकदार पडत नाही, छोटी चकती पडते. एफ/१.८च्या लेन्सला हिरव्या प्रकाशात ही चकती सुमारे २.४ मायक्रॉन व्यासाची असते. फोनचा बिंदू ०.६ मायक्रॉनचा. म्हणजे एका चकतीच्या रुंदीत चार बिंदू. निसर्गाने एक ठिपका दिला आहे आणि आपण तो आडवे चार, उभे चार खाने पाडून मोजतो आहोत. खाने अजून बारीक केले तरी ठिपका तोच राहणार.

त्यात रंगाचा हिशेब वेगळा. सेन्सरला रंग कळत नाहीत, फक्त उजेड कळतो. कोडॅकचे ब्राइस बायर यांनी १९७६च्या पेटंटात सुचवलेली युक्ती अजून चालू आहे. बिंदूंवर रंगीत गाळण्या बसवायच्या, निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. उरलेले रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहून अदमासाने भरायचे. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत लाल रंग प्रत्यक्ष मोजलेले बिंदू ६० लाखच असतात. बाकीचे गणित. कांजीवरमच्या साडीच्या बारीक चौकडीवर कधी कधी नसलेल्या रंगाच्या लाटा उमटतात, त्या याच अदमासाच्या.

इथवर मी सेन्सरविषयी बोललो. पण फोटो कोण बघणार, कुठून बघणार, हे कळल्याशिवाय ‘किती मेगापिक्सेल पुरे’ याला उत्तर नाही, आणि या बाबतीत चेन्नईइतका चांगला धडा दुसऱ्या शहरात मिळणार नाही. सिनेनटांची आणि पुढाऱ्यांची प्रचंड चित्रे हे या शहराचे वैशिष्ट्य. पूर्वी ती हाताने रंगवत. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, मोठ्या कापडावर तितक्याच चौकटी आखायच्या आणि घरटी मजकूर उतरवायचा. पिक्सेल म्हणतात ते दुसरे काय असते? नंतर फ्लेक्स आला, आणि न्यायालयांनी कान उपटल्यावर तोही थोडा आवरला.

समजा असा एक फलक ४० फूट रुंद आणि २० फूट उंच आहे आणि आपण तो रस्त्यापलीकडून १०० फुटांवरून पाहतो आहोत. निरोगी डोळ्याला एक अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो. १०० फुटांवर तो भाग जवळजवळ ९ मिलिमीटरचा होतो. त्याहून बारीक काही छापले तर दिसणारच नाही. ४० फुटांत असे ९ मिलिमीटरचे तुकडे सुमारे १४०० बसतात, २० फुटांत ७००. गुणाकार केला तर दहा लाखांच्या आत-बाहेर. म्हणजे अख्ख्या चौकाला दिसणाऱ्या नटाला एक मेगापिक्सेल पुरतो. उलट ए-३ आकाराचा फोटो टेबलावर ठेवून हातभर अंतरावरून पाहायचा, तर त्याच हिशेबाने ३६०० × २५०० बिंदू, म्हणजे ९० लाख लागतात. जितके मोठे चित्र तितके जास्त मेगापिक्सेल ही समजूत आहे ना, ती या शहराच्या चौकाचौकांत खोटी पडते. छपाईवाला ‘साहेब, मोठ्या रिझोल्युशनची फाईल द्या’ म्हणतो, ते आपल्या सुरक्षिततेसाठी म्हणतो, कारण कोणी ना कोणी फलकाच्या पायाशी जाऊन नाक लावून बघतोच.

मग मोठ्या सेन्सरचा उपयोग कुठे दिसतो? मार्गळीत दिसतो. डिसेंबरचा संगीताचा हंगाम तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तुमच्यातले निम्मे सभेच्या कँटीनसाठी जातात हेही मला माहीत आहे. सभेत फ्लॅश चालत नाही आणि चालूही नये. व्यासपीठावर पिवळसर उजेड, गायिकेचा चेहरा बऱ्यापैकी उजळलेला, मृदंगवादक बाजूला थोडा सावलीत. गायिकेचा चेहरा क्षणभर स्थिर असतो. मृदंगावरचा हात असत नाही. तो थांबलेला दिसायला हवा तर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त वेळ शटर उघडे ठेवता येत नाही. म्हणजे पहिली वाट बंद. लेन्सचे तोंड एका मर्यादेपलीकडे उघडत नाही. दुसरी वाट अर्धी बंद. उरला सेन्सरचा आकार. एफ-आकडा आणि शटर तेच ठेवले तर ३६ × २४चा सेन्सर फोनच्या सेन्सरपेक्षा दहा-बारा पट प्रकाश घेतो, आणि खरखर साडेतीन पटींनी कमी होते.

फोन यावर एक हुशारी करतो. भराभर दहा-पंधरा फोटो काढून एकमेकांवर बसवतो आणि सरासरी घेतो. हिशेबाने पाहिले तर तुटलेला प्रकाश भरून निघाला. गायिकेचा चेहरा खरेच सुरेख येतो, मोठ्या कॅमेऱ्याच्या तोडीस तोड. पण त्याच फोटोत मृदंगवादकाची बोटे पाहा. दहा फोटोंत हात दहा जागी होता. सॉफ्टवेअर गोंधळते आणि तेवढ्या भागात एकच फोटो वापरते, किंवा बोटांचा लगदा करते. हाताभोवती खरखर, चेहऱ्यावर गुळगुळीतपणा, एकाच फोटोत दोन कॅमेरे वापरल्यासारखे. पुढच्या मार्गळीत फोटो मोठा करून जरूर बघा.

सिनेमाचे लोक हाच धडा दुसऱ्या बाजूने शिकले. पी. सी. श्रीराम यांनी २००४मध्ये ‘वानम वसप्पडुम’ डिजिटल कॅमेऱ्यावर केला. पुढच्या वर्षी कमल हासन यांचा ‘मुंबई एक्सप्रेस’ आला, तोही डिजिटल. त्या काळच्या उत्तम एचडी कॅमेऱ्यांत सेन्सर दोन तृतीयांश इंची, म्हणजे प्रत्यक्षात ९.६ × ५.४ मिलिमीटरचा असे आणि बिंदू १९२० × १०८०. थिएटरात मागच्या रांगेतून बघणाऱ्याला इतके बिंदू कमी पडत नसत. तरी चित्रपट टीव्हीसारखा दिसतो अशी कुरबूर असायची. कारण सेन्सर लहान असला की पुढचे-मागचे सगळेच स्पष्ट येते. नायिकेच्या मागची भिंत, भिंतीवरचे कॅलेंडर, कॅलेंडरावरची तारीखसुद्धा. फिल्मवर मागचे विरघळून जाई आणि डोळा चेहऱ्यावर राही. २००९मध्ये ‘उन्नैपोल ओरुवन’ रेड वन कॅमेऱ्यावर चित्रित झाला. त्याचा सेन्सर सुमारे २४ × १४ मिलिमीटरचा, सिनेमाच्या फिल्मच्या चौकटीच्या रुंदीचा. बिंदू वाढले होतेच, पण नजरेत भरला तो आकारातला फरक. फिल्म चेन्नईतून गेली त्याला खर्च, लॅबचा वेळ अशी पुष्कळ कारणे होती. पण सेन्सर फिल्मएवढा झाला नसता तर छायाचित्रणकारांनी ती इतक्या सहज सोडली नसती, असे मला वाटते.

 

आकाराचे आणखी एक अंग आहे, आणि ते डिजिटलच्या फार आधीचे आहे. कॅप्टन लिनियस ट्राइप यांना १८५६मध्ये मद्रास इलाख्याचे सरकारी छायाचित्रकार नेमले. तेव्हा आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघून दोन वर्षे झाली होती आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी कॅमेरा चालवत होते. ट्राइप सहसा काचेवर काम करत नसत. मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हवर करत, आणि निगेटिव्ह असे ती साधारण १५ इंच लांब, १२ इंच रुंद. कागदाला तंतू असतात, म्हणून बारकावा काचेच्या मानाने कमी. तरीही त्यांची मदुरा आणि तंजावरची चित्रे आज पाहिली तर दगडाचा पोत हाताला लागेल असे वाटते. त्यांना चित्र मोठे करावेच लागत नव्हते. निगेटिव्ह कागदावर ठेवायची आणि उन्हात धरायची, जेवढी निगेटिव्ह तेवढे चित्र. आजच्या ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवरून फूटभर रुंद फोटो छापायचा तर चित्र साडेआठ पट ताणावे लागते. फोनच्या दहा मिलिमीटरवरून तीस पट. लेन्समधला प्रत्येक दोष, फोकसमधली प्रत्येक ढिलाई तितक्याच पटीने ताणली जाते. मोठ्या सेन्सरचा फोटो ‘शांत’ दिसतो असे जाणकार म्हणतात, त्याचे अर्धे श्रेय या कमी ताणाला आहे. फोनच्या लेन्सची मात्र दाद द्यायला हवी. तीस पट ताण सोसून जे दिसते ते पाहता, त्या लेन्स घडवणाऱ्यांनी कमाल केली आहे.

१८५८मध्ये ट्राइप तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात गेले. विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या मनोऱ्याच्या, पायथ्याशी चोळांचे तमिळ शिलालेख लांबच लांब कोरलेले आहेत. एका निगेटिव्हमध्ये ते बसवायचे तर इतक्या दुरून घ्यावे लागले असते, की अक्षर लागले नसते. जवळून घ्यावे तर चार हात लेखच यायचा. त्यांनी कॅमेरा सरकवत सरकवत चित्रे घेतली आणि २१ ठसे जोडून सुमारे १९ फूट लांबीची पट्टी केली. पुढच्याच वर्षी गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी ही चैन सरकारी तिजोरीला परवडत नाही म्हणून ट्राइप यांचे छायाचित्रणाचे खाते गुंडाळायला घेतले. कामाला लागणाऱ्या बारकाव्याएवढा सेन्सर नसेल तर तुकड्यातुकड्याने घ्या आणि जोडा, ही आज पॅनोरमा नावाने फोनमध्ये मिळणारी युक्ती तंजावरात तेव्हा हाताने करून झाली होती.

त्याच देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर आपला शिलालेख आहे. सरफोजीराजांच्या काळात, १८०३मध्ये कोरलेला, देवनागरीत, मराठी भाषेत भोसले वंशाचा इतिहास. जगातल्या मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. तुमच्यातल्या काही तरुण मंडळींनी मला विचारले, की आम्ही तो अक्षर न् अक्षर वाचता येईल असा टिपायचा म्हणतो, तर कॅमेरा कोणता घ्यावा? सगळे व्याख्यान ऐकवून झाल्यावर आता त्याचे उत्तर सरळ देता येईल.

आधी सर्वांत बारीक काय टिपायचे ते ठरवा. देवनागरीत ते म्हणजे अनुस्वार. तो हुकला तर ‘वंश’चा ‘वश’ होतो. कोरलेला अनुस्वार २ मिलिमीटरचा धरू. बायरची गाळणी आणि दगडाचे खड्डे लक्षात घेता तो ठिपकाच आहे याची खात्री पटायला त्याच्या रुंदीत पाच बिंदू तरी हवेत. म्हणजे एका बिंदूने भिंतीचे ०.४ मिलिमीटर पाहायचे. २४ मेगापिक्सेलच्या चौकटीत आडवे ६००० बिंदू, त्यात २.४ मीटर भिंत बसली. १२ मेगापिक्सेलच्या फोनचे आडवे ४०००, त्यात १.६ मीटर. जोडण्यासाठी तीसेक टक्के भाग दोनदा घ्यायचा. भिंतीच्या ३० मीटरांना पहिल्या कॅमेऱ्याने १८ फोटो लागतील, फोनने २७. नुसत्या बिंदूंचा प्रश्न असता तर मी म्हटले असते, खिशातला फोन घ्या आणि निघा, नऊ फोटो जास्त काढल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

अडचण बिंदूंची नाही, छटांची आहे. कोरीव अक्षर रंगामुळे दिसत नाही, आतल्या सावलीमुळे दिसते. दगड आणि सावली यांत फरक थोडा, वर ओवरीत उजेड कमी, मधूनच उन्हाचा एखादा लखलखीत पट्टा. ६ मायक्रॉनचा बिंदू भरून वाहायला लागेपर्यंत पन्नास हजारांच्या वर इलेक्ट्रॉन साठवतो. फोनचा बिंदू काही हजारांतच भरतो. उन्हाचा पट्टा जळून पांढरा होऊ नये म्हणून एक्स्पोजर कमी ठेवले, की सावलीतला अनुस्वार खरखरीत बुडतो. आणि फोनचे सॉफ्टवेअर खरखर पुसायला बसले, की त्याला अनुस्वार आणि खरखर यांतला फरक कळेलच असे नाही. ते मराठी शिकलेले नाही.

तेव्हा ३६ × २४चा सेन्सर, २४ मेगापिक्सेल भरपूर झाले, जुना वापरलेला कॅमेरा घेतला तरी चालेल. ५० मिलिमीटरची साधी लेन्स, एफ/८, सर्वांत खालचा आयएसओ, रॉ फाईल. भिंतीला समांतर दोरी धरून कॅमेरा दर फोटोला १.६ मीटरच्या आसपास सरकवायचा. दिवा कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवू नका, समोरून उजेड पडला की अक्षर सपाट होते. तो भिंतीला जवळजवळ चिकटवून, कडेने तिरपा टाका. प्रत्येक जागी एकदा डावीकडून आणि एकदा वरून असे दोन फोटो घ्या, कारण आडवी शिरोरेघ डावीकडच्या उजेडात नीट उठत नाही. पहिल्या चौकटीत एक पट्टी आणि करड्या रंगाचे कार्ड ठेवा. आणि देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहे, तिपाई आणि दिवा आत न्यायला लेखी परवानगी लागते. तो अर्ज आधी करा, कॅमेरा नंतर घेतला तरी चालेल.